डोंगर लागणें : विरळ हवेचा आजार आणि त्याचें औषध

कोंकणच्या किनाऱ्यानें आगबोटींतून प्रवास केलेल्या माणसाला ‘बोट लागणें’ म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नसे. घाटांतून उतरतांना लेंकरांना गाडी लागते, वैशाखांत ऊन लागतें, परमुलखांत गेलेल्यास तेथील पाणी लागतें. या लागण्याच्या यादींत मराठी माणसानें एक नांव मात्र घातलेलें नाहीं. तें म्हणजे ‘डोंगर लागणें’. गडकिल्ल्यांवर ज्या समाजाचा इतिहास घडला, त्याच्या भाषेंत हा शब्द नसावा याचें प्रथम नवल वाटतें. परंतु कारण अगदीं सरळ आहे. आमचा सह्याद्रि तेवढा उंचच नाहीं. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्यें जो डोंगर पसरला आहे, त्याचें सर्वांत उंच टोंक ४६८ मीटर. महाबळेश्वर सुमारें साडेतेराशें मीटर, आणि महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, तें १६४६ मीटर. विरळ हवेचा आजार सामान्यतः अडीच हजार मीटरांच्या वर दिसूं लागतो. तेव्हां कळसूबाईवर आपणांस जो दम लागतो तो चढाचा. हवेचा त्यांत दोष नाहीं.

ज्यांचे डोंगर खरोखरच उंच आहेत, त्यांच्या भाषांनीं या आजाराला केव्हांच नांव दिलेलें आहे. नेपाळी माणूस ‘लेक लागला’ असें म्हणतो. लेक म्हणजे उंच डोंगर. तिबेटांत हा खिंडींतील विषाचा प्रकार मानीत. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचे रहिवासी ‘पुना’ किंवा ‘सोरोचे’ म्हणतात. चिनी इतिहासग्रंथांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका वर्णनांत पश्चिमेकडील वाटेवर ‘मोठा डोकेदुखीचा डोंगर’ आणि ‘लहान डोकेदुखीचा डोंगर’ अशीं नांवें येतात. डोकें दुखणें, अन्नावरची वासना जाणें, मळमळ, थकवा, झोंप न लागणें, हीं या आजाराचीं पहिलीं लक्षणें होत, हें त्या चिनी प्रवाशांना ठाऊक होतें असें दिसतें.

श्रोतेहो, मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसानें या विषयावर बोलावें कशाला, असें आपणांस वाटेल. वाटूं द्या. पण उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील कोणत्याहि इमारतींत एकदोन कुटुंबें लडाखच्या नाहींतर मानससरोवराच्या तयारींत असतात. समुद्रकांठीं सकाळचा चहा घेतलेला माणूस त्याच दिवशीं लेहच्या विमानतळावर, म्हणजे जवळजवळ ३२५० मीटर उंचीवर उतरतो. लेह शहर त्याहून थोडें वर, सुमारें साडेतीन हजार मीटरांवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी लेह वरच राहील. पूर्वींच्या यात्रेकरूला ही उंची गांठावयास आठवडे लागत. तो चालत असे, आणि त्याच्या नकळत चालणें हेंच त्याचें औषध होत असे.

या आजाराची आपल्या सरहद्दीवरील एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. सोळाव्या शतकांत काशगरच्या बाजूचा सुलतान सईदखान यानें लडाख व तिबेट यांवर स्वारी केली. त्याच्या बरोबर त्याचा नातलग मिर्झा हैदर दुघलात होता. याच हैदरानें पुढें ‘तारीख-इ-रशीदी’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यांत ‘दमगिरी’ या नांवानें या विकाराचें वर्णन केलें. परमुलखांतून आलेल्यास तो होतो, श्वास कोंडतो, झोंप येत नाहीं, आणि जनावरेंही त्यांतून सुटत नाहींत, असें त्याचें निरीक्षण आहे. सुलतान सईदखान स्वतः १५३३ सालीं परतीच्या वाटेवर याच दमगिरीनें मरण पावला. काराकोरमच्या पायथ्याशीं भारताचें जें दौलत बेग ओल्डी नांवाचें ठाणें आहे, त्या नांवाचा अर्थ ‘थोर धनवान पुरुष मेला ती जागा’ असा सांगतात, आणि तो पुरुष म्हणजे हाच सुलतान अशी आख्यायिका आहे. फौज, घोडे, खजिना यांपैकीं कांहींच त्याच्या उपयोगीं पडलें नाहीं.

हें होतें कशानें, याचा उलगडा होण्यास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें हवेचा दाब कमी-अधिक करतां येईल अशा कोठ्या तयार करून त्यांत प्राण्यांवर आणि स्वतःवरही प्रयोग केले, आणि १८७८ सालीं आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंचावर हवेंत प्राणवायूचा वांटा कमी असतो, अशी आपली समजूत असते. तसें नाहीं. मुलुंडला शेंकडा २१ तर एव्हरेस्टवरही शेंकडा २१. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला दाब समुद्रसपाटीच्या सुमारें दोनतृतीयांश, आणि साडेपांच हजार मीटरांवर निम्मा. दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर शरीरांत जाणारा प्राणवायु कमी. एवढें बेरनें सिद्ध केलें, आणि डोंगरांतील विष, वनस्पतींचा उग्र वास, खनिजांची वाफ या जुन्या कल्पना शास्त्रापुरत्या तरी निकालांत निघाल्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हा विषय घेतला तिच्याकडे येतों. १९१३ सालीं रेव्हनहिल नांवाच्या एका इंग्रज डॉक्टरानें उष्ण कटिबंधांतील रोगांसंबंधींच्या एका वैद्यकीय मासिकांत एक निबंध छापला. हा गृहस्थ चिली देशांतील उंचावरच्या खाणींत डॉक्टर होता. तेथें माणसें किनाऱ्यावरून रेल्वेनें थेट वर येत. त्यामुळें चालण्याच्या श्रमाचा प्रश्न नव्हता; जो आजार दिसे तो निव्वळ उंचीचा. त्यानें या आजाराचे तीन प्रकार वेगळे केले. पहिला साधा, डोकेदुखी-मळमळीचा, दोनचार दिवसांत ओसरणारा. दुसरा छातीचा, ज्यांत श्वास घुरघुरतो, फेंस येतो आणि माणूस झपाट्यानें मृत्यूकडे जातो. तिसरा मेंदूचा, ज्यांत झोंक जातो, भ्रम होतो, शुद्ध हरपते. आज वैद्यकांत हेच तीन प्रकार मानतात. दुसऱ्यांत फुफ्फुसांत पाणी झिरपतें आणि तिसऱ्यांत मेंदूला सूज येते, एवढें कारण आपणांस अधिक कळलें आहे. म्हणजे निदान १९१३ सालींच कागदावर उतरलेलें होतें. आणि तो कागद कोणी वाचला नाहीं! सुमारें अर्धशतक तो निबंध ग्रंथालयांतून पडून राहिला. उंचावर कोणी छाती भरून मेला कीं ‘न्यूमोनिया’ म्हणून नोंद होई, नाहींतर हृदय थकलें असें म्हणत. १९६० सालीं अमेरिकन डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनीं एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां कोठें इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यकजगताचें या छातीच्या प्रकाराकडे लक्ष गेलें. हे ह्यूस्टन १९३६ सालीं आपल्या नंदादेवीच्या मोहिमेंत होते.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, ऑक्टोबर १९६२ मध्यें, तेव्हांच्या ईशान्य सरहद्द प्रदेशांत, म्हणजे आजच्या अरुणाचलांत, नामका चू नांवाच्या नदीच्या कांठीं भारतीय सैन्याची सातवी ब्रिगेड उभी होती. तिचे सेनानी ब्रिगेडियर जॉन दळवी. मैदानी छावण्यांतून घाईनें वर आणलेले जवान, अंगावर सुती गणवेश, पाठीवर ओझें, आणि वाटेंत तेरा हजार फुटांहून उंच अशा खिंडी. शरीराला उंचीची संवय व्हावी म्हणून वाटेंत थांबावें, तर तेवढी सवड नव्हती आणि हुकूमही नव्हता. शत्रूची गोळी सुटण्याच्या आधींच कित्येक जवान छातीच्या विकारानें आडवे झाले, कांहीं दगावले. आणि आश्चर्य असें कीं, हा विकार हुद्दा पाहत नाहीं. ज्यांच्या हातीं त्या आघाडीचीं सूत्रें होतीं ते कोअर-सेनापति जनरल कौल आघाडीवर येऊन गेले, आजारी पडले, आणि १८ ऑक्टोबरला त्यांना दिल्लीस हलवावें लागलें. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला सुरू झाला, तेव्हां आमचे सेनापति दिल्लींत अंथरुणावर होते. २२ तारखेला दळवी शत्रूच्या कैदेंत पडले. त्यांनीं १९६९ सालीं ‘हिमालयन ब्लंडर’ या ग्रंथांत ही सारी हकीकत सांगितली.

पराभवाचीं कारणें अनेक होतीं. तीं उगाळण्याचें हें स्थळ नव्हे. एका आजाराच्या माथीं तें अपयश मारणें हाही अन्यायच होईल. परंतु सईदखानाला जें ठाऊक नव्हतें तें १९१३ पासून छापलेलें होतें, आणि तरीही १९६२ सालीं जवानांना तें कोणी सांगितलें नव्हतें, हा विचार माझ्या मनांतून कधीं गेला नाहीं.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. हिमालयाच्या मदतीस सह्याद्रि धांवून गेला, हें वाक्य तेव्हां महाराष्ट्रांत घरोघरीं झालें आणि पुढें आमच्या पिढीपर्यंत पोहोंचलें. त्यानंतरच्या वर्षांत लडाखच्या व पूर्वेकडील उंच ठाण्यांवर हजारों जवान कायमचे राहूं लागले. एवढीं माणसें एवढ्या उंचीवर एका वेळीं असण्याचा योग त्यापूर्वीं कोणाहि वैद्याच्या वांट्यास आलेला नसेल. सैन्याच्या वैद्यकीय दलांतील डॉक्टरांनीं तो वाया जाऊं दिला नाहीं. १९६५ सालीं मेनन यांनीं फुफ्फुसांत पाणी झालेल्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांत १९२५ जवानांच्या निरीक्षणावर आधारलेला निबंध छापला. अकरा हजारांपासून अठरा हजार फुटांपर्यंतच्या उंचीवरील हे जवान. जगांतील कोणताहि संशोधक या विषयावर लिहूं लागला कीं आजही त्याला या निबंधाचें नांव घ्यावें लागतें.

त्यांतील एक गोष्ट प्रवाशांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आजार वर पोहोंचतांक्षणीं होत नाहीं; सहा तासांपासून शहाण्णव तासांपर्यंत केव्हांही तो डोकें वर काढतो. विमानांतून उतरलेला माणूस हंसतखेळत सामान उचलतो, ‘मला कांहीं झालें नाहीं’ म्हणून बाजारांत हिंडतो, आणि रात्रीं त्याला ग्लानि येते, ती यामुळें.

इंदर सिंग यांचें दुसरें निरीक्षण असें कीं, ज्यांना लघवी कमी होते ते अधिक आजारी पडतात. म्हणून त्यांनीं लघवी वाढविणारें फ्युरोसेमाइड हें औषध दिलें आणि त्याची शिफारस केली. पुढील अनुभवानें ही शिफारस टिकली नाहीं; थंड, कोरड्या हवेंत अगोदरच शरीरांतील पाणी आटलेलें असतें, तें आणखी काढलें कीं माणूस उभ्याउभ्या कोसळावयाचा. आज या आजारावर तें औषध योग्य मानीत नाहींत. पण औषध चुकलें तरी निरीक्षणाचें मोल कमी होत नाहीं. शाळेंत गणितें तपासतांना मीं रीत बरोबर असल्यास नेहमीं गुण दिले आहेत.

जें औषध टिकलें त्याचें नांव असिटाझोलामाइड. बाजारांत डायामॉक्स या नांवानें तें ओळखलें जातें. गेल्या शतकाच्या मध्यास तें निघालें तें लघवी वाढविण्यासाठीं आणि नंतर डोळ्यांतील काचबिंदूसाठीं. डोंगराशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकन लष्करी संशोधकांनीं तें उंचीसाठीं वापरून पाहिलें आणि १९६८ सालीं त्याचा गुण पुराव्यानिशीं मांडला. तें काम कसें करतें, हें समजून घेतलें तर त्याच्या मर्यादाही समजतात.

उंचावर प्राणवायु कमी पडतो म्हणून शरीर आपोआप जलद श्वास घेऊं लागतें. जलद श्वासाबरोबर रक्तांतील कार्बन डायॉक्साइड बाहेर फेंकला जातो आणि रक्त अल्कधर्मी होतें. तसें झालें कीं मेंदूंतील श्वासाचें केंद्र म्हणतें, ‘पुरे झाला हा श्वास!’ एकीकडून प्राणवायूची ओढ आणि दुसरीकडून हा लगाम. रात्रीं झोंपेंत लगाम जिंकतो. शेजारी निजलेल्याचा श्वास कांहीं क्षण अजिबात थांबतो, मग तो दचकून खोल श्वास घेतो, आणि आपण मात्र घाबरून उठून बसतों. मूत्रपिंडें हळूहळू रक्तांतील जादा अल्क लघवीवाटे टाकतात आणि कांहीं दिवसांनीं लगाम सैल होतो. यालाच आपण ‘हवा मानवली’ म्हणतों. असिटाझोलामाइड मूत्रपिंडांचें तेंच काम लवकर घडवून आणतें. म्हणजे ही गोळी उंचीवर मात करीत नाहीं. शरीर जें स्वतः करणारच होतें, त्याला ती थोडी घाई करते. म्हणून ती आदल्या दिवसापासून घ्यावयाची, सामान्यतः १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि तीही डॉक्टरांना विचारून. कारण ज्यांना सल्फा जातीचीं औषधें सोसत नाहींत त्यांना ती बाधूं शकते. बोटांना मुंग्या येतात, लघवीस वरचेवर जावें लागतें, आणि सोडावॉटर अगदीं बेचव लागतें. या शेवटच्या गमतीवरून गोळी लागूं पडल्याचें ओळखावें, असें गिर्यारोहक थट्टेनें म्हणतात.

गोळी आणि पाय यांचा संबंध दाखविणारी एक पाहणी नेपाळांतली आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर ४२४३ मीटर उंचीवर फेरिचे नांवाचें गांव आहे. तेथून जाणाऱ्या २७८ पदयात्र्यांची हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाहणी केली. ती १९७६ सालीं प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५३ लोकांना आजार झालेला होता. जे विमानानें लुक्लाला उतरून चालूं लागले त्यांच्यांत तो अधिक, आणि जे खालपासून चालत आले त्यांच्यांत कमी. विमानानें आलेल्यांना गोळीचा उपयोग झाला. चालत आलेल्यांना पायांनींच तें काम करून दिलेलें होतें.

बाकीच्या औषधांचा उल्लेख थोडक्यांत करतों. मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन हें स्टेरॉइड. १९८४ सालीं उंचीच्या आजारावर त्याचा गुण दाखविण्यांत आला. तें लक्षणें दाबतें, पण हवा मानवण्यास मुळींच मदत करीत नाहीं. थांबवलें कीं आजार पुन्हा उभा राहूं शकतो. फुफ्फुसांतील पाण्यावर निफेडिपिन. तें रक्तदाबाचें औषध १९८९ पासून या कामीं आलें. तें फुफ्फुसांतील आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतें. प्राणवायूचें नळकांडें असेल तर उत्तमच. त्याच दशकांत हवा भरावयाची एक मोठी पिशवी निघाली; रोग्याला तींत निजवून पंपानें दाब वाढविला कीं तो दीडदोन हजार मीटर खालीं उतरल्यासारखा होतो. या सर्वांचा हेतु एकच, रोगी खालीं नेईपर्यंत त्याला जगविणें. खालीं नेणें याला पर्याय अद्यापि निघालेला नाहीं.

आणि आपल्या सैन्यानें काय केलें? १९६२ नंतर त्यानें वेळापत्रक बसविलें, आणि माझ्या मतें सर्व औषधांत तेंच मोठें. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. मग बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस. त्याहून वर जावयाचें तर आणखी चार. १९८४ पासून सियाचेनवर आपलें सैन्य आहे. तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां हवामानानें आणि बर्फानें अधिक बळी घेतले. तरी तेथें माणूस राहूं शकतो, तो या चौदा दिवसांच्या बळावर.

आमच्या उपनगरांतील यात्रेकरूकडे चौदा दिवस नसतात. सहलच मुळीं सातआठ दिवसांची. त्याच्या गळ्यांत फडक्यांत बांधलेली कापराची पुरचुंडी असते आणि खिशांत ‘कोका’ नांवाच्या होमिओपॅथिक गोळ्या. कापूर हुंगल्यानें नाकांत थंडावा येतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखें वाटतें. रक्तांतला प्राणवायु त्यानें कणभरही वाढत नाहीं. पोटांत गेल्यास तर कापूर विषारी आहे. कोकाच्या त्या गोळ्यांनीं हा आजार टळतो, याला आधार नाहीं. श्रद्धेला माझी हरकत नाहीं. तिच्या भरंवशावर दुसऱ्याच दिवशीं १७,५०० फुटांवरील खारदुंग ला गांठावयास निघणें, याला आहे.

आणि हें सारें वाचलेला माणूस तरी शहाण्यासारखा वागतो काय? निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यांत मी सहकुटुंब लेहला गेलों. रेव्हनहिलचें नांव मला तेव्हां ठाऊक होतें. गोळ्या डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या होत्या, आणि मुंग्या येतात म्हणून मीं त्या मुंबईंतच घेण्याचें टाळलें होतें. पहिल्या रात्रीं झोंप नाहीं. सकाळीं कपाळ ठणकत होतें. उपाहारगृहांत ताट समोर आलें तें मीं तसेंच सरकविलें. छापील कार्यक्रमांत त्या दिवशीं खारदुंग ला होती. पैसे भरलेले होते. पत्नीनें विचारलें तेव्हां ‘रात्रीं थंडी फार होती’ एवढेंच मीं सांगितलें. सहलीचा व्यवस्थापक तरुण घड्याळ पाहत होता. त्यानें डोकेदुखीची एक गोळी पुढें केली आणि गाडींत बसावयास सांगितलें.

गाडीवाला लडाखी होता, चाळिशीचा असेल. त्यानें आरशांतून माझ्याकडे पाहिलें आणि हिंदींत विचारलें, “मास्टरजी, रात को नींद आई? सुबह कुछ खाया?” त्या माणसासमोर मात्र खोटें बोलवेना. मीं मान हलविली. त्यानें गाडीची किल्ली काढून खिशांत टाकली, खालीं उतरला, आणि माझ्या बाजूचें दार उघडून उभा राहिला. व्यवस्थापकाशीं त्याची बरीच बोलाचाली झाली. शेवटीं बाकीची मंडळी दुसऱ्या गाडींत दाटीवाटीनें बसून गेली. आम्ही दोघें मागें राहिलों. दोन दिवस खोलींत पडून, पाणी पीत, सांगितलेल्या मात्रेंत गोळ्या घेत काढले. गाडीवाला संध्याकाळीं येऊन दारांतूनच चौकशी करून जाई. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पत्नीनें चहाबरोबर खारी पुढें केली. मीं ती संपविली आणि आणखी आहे काय, म्हणून विचारलें.